मैदानाचा गळा

१९६९ चा पावसाळा महाराष्ट्राला महागात पडला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला रस्त्यावरच्या अपघातात शाहीर अमर शेख गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकाने वाणी आणि लेखणी दिली होती, दुसऱ्याने गाणी दिली होती आणि तिसऱ्याने ती गाणी गावोगाव पोचवणारा गळा. राज्य स्थापन होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती. सुमारे अडीच महिन्यांत तिघंही नाहीसे झाले.

तिघांपैकी अत्र्यांचं छापील साहित्य घरोघर होतं. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या आजही नव्या आवृत्त्यांत निघतात. अमर शेखांच्या वाट्याला मात्र दोन शब्दांची ओळख आली, ‘पहाडी आवाज’. बार्शीत विचारा, सोलापुरात विचारा, परळ-लालबागच्या जुन्या माणसांत विचारा, हेच दोन शब्द हमखास ऐकू येतात. कौतुकाचेच आहेत ते, पण त्यात एक अन्यायही आहे. डोंगर कुणी घडवत नाही, तो मुळातच असतो. तसा हा आवाज देवाने देऊन टाकला आणि गड्याने तो वापरला, असा त्याचा अर्थ निघतो. शाहिराचं आयुष्य क्रमाने लावून पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. हा गळा कष्टाने, गरजेने आणि जागेने घडवलेला होता. तो घडला सोलापूर जिल्ह्यात.

बार्शीचा मेहबूब

मेहबूब हुसेन पटेल हे अमर शेखांचं मूळ नाव. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी. सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवरचं, ज्वारी-तुरीच्या बाजारपेठेचं, भगवंताच्या देवळाचं गाव. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये इथे अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे ती एका बाजूला पंढरपूरकडे आणि दुसऱ्या बाजूला लातूरकडे गेली. धान्याची पोती आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी एकाच गाडीने जात. त्यामुळे बार्शीच्या कानावर दोन आवाज सतत पडत असत, बाजारातल्या पुकाऱ्याचा आणि वारीतल्या भजनाचा. दोन्ही वरच्या पट्टीतले. वारकऱ्यांचं भजन कधी जवळून ऐकलं असेल तर आठवेल, पुढचा टाळकरी जिथून सुरुवात करतो तिथे मैफलीतला गवई सहसा शेवटी पोचतो.

घरात तिसरा आवाज होता, आई मुनेरबीचा. तिला जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीतं येत. मेहबूबला मराठी गाण्याचं पहिलं बाळकडू मिळालं ते या मुसलमान आईकडून. सोलापूर जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच पेठेत बोलल्या जातात, आणि ओवीला जात-धर्म विचारण्याची पद्धत नाही.

घरची परिस्थिती बेताची होती. मेहबूबने पाणक्याचं काम केलं, मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीतही काम केलं. चरित्राच्या टिपणात ही कामं गरिबीचा पुरावा म्हणून एका ओळीत उरकतात. गळ्याच्या बाजूने पाहिलं तर तेच त्याचं शिक्षण ठरतं. त्या काळी मोटारीच्या क्लीनरचं निम्मं काम तोंडाचं असे. सुरू असलेल्या इंजिनाशेजारी उभं राहून गावांची नावं पुकारायची, दूरवरच्या प्रवाशाला थांबवायचं, मागच्या बाजूला उभं राहून चालकाला इशारा द्यायचा. नाव अर्धवट ऐकू गेलं तर माणूस भलत्या गाडीत बसणार. म्हणजे नुसता मोठा आवाज पुरेसा नाही, प्रत्येक अक्षर सुटं निघालं पाहिजे. गिरणीत तर याची रोज परीक्षा. मागखात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी शब्द मागांच्या खडखडाटाच्या वरून न्यावा लागतो. नुसतं ओरडून घसा तासाभरात बसतो. सुराची एक विशिष्ट जागा सापडली की कमी ताकदीत शब्द पार होतो. सोलापूर-बार्शीच्या जुन्या गिरणी कामगारांच्या बोलण्याला ती धार असे. अमर शेखांच्या गाण्यातही ती ऐकू येते.

मार्शल लॉचं सोलापूर, विसापूरचा तुरुंग

मेहबूब तेरा-चौदा वर्षांचा असताना जिल्हा पेटला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलिसांनी शहर सोडलं आणि काही दिवस शहराचा कारभार लोकांनीच चालवला. १२ मेला इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान. शहराच्या सगळ्या पेठा त्या चौघांत आल्या होत्या. आज सोलापुरात या चौघांच्या पुतळ्यांपाशी रोज हजारो वाहनं नुसती वळतात. त्या काळात मात्र हे चौघे प्रत्येक पोराच्या तोंडी होते.

मेहबूबही स्वातंत्र्य चळवळीत ओढला गेला आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन पोचला. तिथे रघुनाथ कऱ्हाडकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्याची गाठ पडली. तुरुंगातून बाहेर आला तो कामगार चळवळीचा माणूस होऊन. बार्शीच्या गिरणी संपात तो पुढे होता. गिरणीच्या दारावरची सभा ही काय चीज असते ते समजल्याशिवाय मेहबूबचं गाणं समजत नाही. पाळी सुटते, भोंगा वाजतो, माणसं थकलेली असतात आणि घरी जायच्या घाईत असतात. त्यांना थांबवायला फार वेळ नसतो. खुर्च्या नाहीत, मंडप नाही, कर्णा भाड्याने आणायला पैसे नाहीत. एखाद्या दगडावर किंवा पेटीवर उभं राहून पहिल्या ओळीतच गर्दी धरून ठेवायची. ती ओळ भाषणाची असली तर माणसं चालती होतात, गाण्याची असली तर थबकतात. मेहबूबला हे फार लवकर कळलं.

पुढे ते कोल्हापूरला गेले, मास्टर विनायक यांच्या चित्रपटसृष्टीच्या आसपास काही काळ राहिले. तिथल्या मित्रमंडळीत ‘अमर शेख’ हे नाव पडलं आणि तेच कायम झालं. सिनेमाचा नट होण्याची संधी होती. चळवळीच्या ओढीने त्यांनी मुंबई गाठली.

खर्ज आणि टीप

इथे थोडं थांबून आवाजाच्या शास्त्राकडे वळलं पाहिजे, कारण ‘पहाडी’ या विशेषणाने ते सगळं झाकून टाकलं आहे.

युरोपातल्या ऑपेरात पुरुषाच्या आवाजाचा सगळ्यात खालचा प्रकार असतो, बास. साधारण ८० हर्ट्झपासून सव्वातीनशे हर्ट्झपर्यंत त्याचा वावर. आपल्या भाषेत अस्सल खर्जाचा आवाज. राजा, धर्मगुरू, म्हातारा बाप किंवा सैतान, अशी पात्रं या आवाजासाठी लिहिली जातात. त्यातलं सर्वांत मोठं नाव फ्योदर शाल्यापिन, जन्म १८७३, गाव रशियातलं काझान. तोही गरिबाघरचा. चांभाराकडे उमेदवारी केलेला हा मुलगा पुढे १९०१ साली मिलानच्या ला स्कालात गाजला आणि बोरिस गोदुनोव्ह या झारची भूमिका जन्मभर त्याच्या नावाने ओळखली गेली. दोन हजार माणसांच्या नाट्यगृहात, साठ-सत्तर वाद्यांच्या ताफ्यावरून, कुठल्याही ध्वनिवर्धकाशिवाय हा आवाज शेवटच्या रांगेत पोचतो. कसा?

योहान सुंडबेरी या स्वीडिश संशोधकाने १९७० च्या दशकात त्याचं उत्तर दिलं. वाद्यवृंदाची बरीचशी ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते. कसलेला ऑपेरा गायक घशाची पोकळी अशी राखतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळ एक जोरदार उंचवटा तयार होतो. तिथे वाद्यं क्षीण असतात आणि माणसाचा कान तिखट असतो. गाणारा खर्जात असला तरी त्या खर्जावर ही एक चकाकी असते आणि तीच दूरवर पोचते. म्हणजे प्रश्न छातीच्या जोराचा कमी आणि कोरीव कामाचा जास्त.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राला खर्ज माहीत नव्हता असं नाही. शास्त्रीय गायनाच्या तालमीत पहाटे खर्ज भरण्याची शिस्त आहेच. पण आपल्या लोकांसमोरच्या गाण्यात खर्जाचा नायक झाला नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात उभं राहिलं, तेव्हापासून संगीत नाटकाचे राजेही उंच पट्टीतच गायले. आपला दुष्यंत खर्जात बोलत असला तरी पद सुरू झालं की वर चढतो. कारण सरळ आहे. खालच्या सुरात मानवी गळ्याची ताकद मुळात कमी, कानही तिथे मंद, आणि त्या सुराला उचलून धरणाऱ्या दगडी भिंती, घुमट, सज्जे आपल्याकडे नव्हते. कनातीच्या मंडपात, देवळाच्या पटांगणात, चावडीपुढे गाणाऱ्याने खर्ज लावला तर तो तिसऱ्या रांगेत विरून जातो. भिंती नसलेल्या जागेने मराठी गाण्याला वर ढकललं. कीर्तनकार, वारकरी, तमाशातला शाहीर आणि संगीत नट, सगळे टिपेच्या सुराकडे गेले ते या गरजेपोटी.

अमर शेख या परंपरेचं टोक आहेत. शाल्यापिनने बंद सभागृहाच्या दृष्टीने जे साधलं, ते त्यांनी उघड्या मैदानाच्या दृष्टीने साधलं. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत एक गोष्ट चटकन जाणवते. आवाज वर जातो तेव्हा तो पातळ होत नाही आणि अक्षर चिरडलं जात नाही. उंच सुरावर ‘अ’ आणि ‘आ’ यांतला फरक सांभाळणं फार अवघड असतं, कित्येक चांगले गवई तिथे सगळे स्वर एकाच साच्यात ओततात. अमर शेख ओतत नाहीत. क्लीनरने पुकारलेलं गावाचं नाव जसं सुटं निघालं पाहिजे, तसा इथे शब्द सुटा निघतो.

डफ, तुणतुणं आणि झील

शाहिरी सादरीकरण वरवर पाहणाऱ्याला एकट्याचं वाटतं. असतं मात्र पाच-सहा जणांचं यंत्र. त्याचे भाग सुटे करून पाहण्यासारखे आहेत.

डफ एका बाजूने मढवलेला, लाकडी कड्याचा. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं आणि नाद बसतो, म्हणून कार्यक्रमाआधी तो जाळावर धरून तापवतात. जास्त तापला तर कातडं फाटतं, कमी तापला तर थप्पड बोलत नाही. अमर शेखांची बहुतेक छायाचित्रं डफासह आहेत. डावा हात कड्याला, उजव्याची बोटं कातड्यावर, मान किंचित मागे आणि तोंड पूर्ण उघडं. डफ छातीपासून दूर धरलेला, कारण फासळ्या मोकळ्या राहिल्या नाहीत तर श्वास अडकतो.

तुणतुण्याला एकच तार. ती सूरही देते आणि लयही. बारीक, तिखट, न थांबणारा तिचा आवाज गर्दीच्या कलकलाटातून आरपार जातो आणि शाहिराला आपला सूर सापडत राहतो. मैदानात स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नाही, भिंतीवरून परतून येणारं काही नसतं. अशा वेळी ही एक तारच गाणाऱ्याचा आधार.

आणि मागे झीलकरी. शाहिराने कडव्याची ओळ वर नेऊन सोडली की ते ‘जी जी रं जी’ म्हणत ती झेलतात. ऐकणाऱ्याला त्यात जोश वाटतो. गाणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन-तीन श्वासांची सुट्टी असते. त्या अवकाशात शाहीर दम घेतो, पुढची ओळ जुळवतो, गर्दीचा अंदाज घेतो, कुणी उठून चाललं असेल तर त्याच्याकडे रोखून पाहतो. झील कमजोर असेल तर उत्तम गळाही अर्ध्या तासात फाटतो. अमर शेख तासन्‌तास गात, त्यात त्यांच्या साथीदारांचा वाटा निम्मा धरायला हवा. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुठे नोंदलेली नाहीत.

लाल बावटा

१९४३ साली मुंबईत इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. त्याच सुमारास बंगालमध्ये दुष्काळाने माणसं पटापट मरत होती. लोकांना ते सांगायचं तर कुठल्या भाषेत, कुठल्या चालीत, हा प्रश्न होता. मराठीत त्याचं उत्तर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकाच्या रूपाने आलं. वाटेगावहून आलेले गिरणी कामगार अण्णा भाऊ साठे, शाहीर द. ना. गवाणकर आणि बार्शीचे अमर शेख असं ते त्रिकूट. अण्णा भाऊ लिहीत, तिघंही गात. ‘बंगालची हाक’, ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’, ‘अकलेची गोष्ट’, ‘मुंबईची लावणी’ ही त्या काळाची निर्मिती. जुन्या तमाशाचा सांगाडा ठेवून त्यातली गवळण, सरदार, राजा काढून कामगार, सावकार, मालक आत आणले. चाल ओळखीची असल्याने लोक लगेच धरत, आशय नवा असल्याने घरी जाऊन बोलत.

यांची नाट्यगृहं म्हणजे कामगार मैदान, चाळींचे चौक, गिरण्यांची दारं. तिथून काही मैलांवर गिरगावात रॉयल ऑपेरा हाऊस उभं होतं, १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं, नक्षीदार सज्ज्यांचं. तिथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथही गायले. एकाच शहरात दोन गायनशाळा शेजारी नांदत होत्या आणि दोघींचे प्रेक्षक एकमेकांच्या वाटेला क्वचित जात.

पथकाची ताकद सरकारच्याही लक्षात आली. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. गाण्यावर बंदी घालावीशी वाटणं हा त्या गाण्याच्या परिणामाचा सरकारी दाखलाच म्हणायचा. शाहिरांनी नावं बदलली, जागा बदलल्या, कधी पोलीस येण्याच्या आत कार्यक्रम उरकला.

याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक खर्जाचा आवाज असाच कोंडला जात होता. पॉल रोब्सन, अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक, आवाज बास-बॅरिटोन. कामगारांच्या आणि वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरला म्हणून १९५० साली त्याचा पासपोर्ट रद्द झाला. १९५२ मध्ये त्याने कॅनडाच्या सीमेवर, अमेरिकेच्या हद्दीत ट्रक उभा करून त्यावरून पलीकडच्या हजारो लोकांसाठी गाणं केलं. सीमा माणसाला अडवू शकली, आवाजाला अडवू शकली नाही. १९५८ मध्ये त्याची साठी जगभर साजरी झाली. भारतातल्या समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते आणि पंडित नेहरूंनी जाहीर शुभेच्छा दिल्या. त्याच वर्षी पासपोर्ट परत मिळाला. ज्या मुंबईत रोब्सनची साठी साजरी झाली, त्या मुंबईत लाल बावट्याच्या शाहिरांनी बंदीचे दिवस काढले होते. परक्या देशातला बंडखोर गायक सरकारला नेहमी अधिक गोड वाटतो.

एक लाख कानांसमोर

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न विधानसभेतून रस्त्यावर आला. पुढची चार-साडेचार वर्षं सभा म्हणजे काय असतं ते महाराष्ट्राने पाहिलं. अत्रे, डांगे, एसेम, प्रबोधनकार या नेत्यांची भाषणं होण्याआधी आणि दोन भाषणांच्या मध्ये शाहीर उभे राहत. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या तोंडून महाराष्ट्रभर गेली. मुंबईत पोटासाठी आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको, अशी ती विरहाची कथा. वरवर लावणी, आत मुंबई-बेळगाव-कारवारच्या तुटलेपणाची व्यथा. घोषणेने जे डोक्यात शिरतं ते या छक्कडीने काळजात उतरवलं, कारण समोर बसलेल्या हजारो गिरणी कामगारांपैकी प्रत्येकाची मैना खरोखरच गावी होती.

शिवाजी पार्कवर कर्णे होते, तेव्हा बिनमाइकचा चमत्कार इथे सांगण्यात अर्थ नाही. उलट माइकने शाहिरांची वेगळीच अडचण केली. जुने कर्णे खालचे सूर गिळत आणि वरचे सूर फाडत. बऱ्याच चांगल्या गायकांचा आवाज त्यात चिरका होई. ज्याच्या आवाजाला मुळात धार आणि शब्दाला कडा होत्या, त्याचं गाणं त्या कर्ण्यांतूनही ओळखू येई. बार्शीच्या मोटारस्टँडवर आणि मागखात्यात जे कमावलं होतं, ते इथे कामी आलं.

१ मे १९६० ला राज्य झालं. त्यानंतर अमर शेख घरी बसले नाहीत. गोवामुक्तीसाठी त्यांनी गाणी केली. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केलं तेव्हा कम्युनिस्ट चळवळीतून आलेला हा शाहीर देशाच्या बाजूने गात गावोगाव फिरला, संरक्षण निधीसाठी पैसे गोळा केले. पक्षातल्या वादावादीच्या काळात हे सोपं नव्हतं. हिमालयावरचं त्यांचं गीत त्या हिवाळ्यात शाळांपर्यंत पोचलं. त्याआधी अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात ते दिसले, १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये दारिद्र्याशी झगडणारा कुंभार म्हणून दिसले. पडद्यावरचा तो थकलेला बाप पाहताना हाच माणूस मैदान पेटवायचा यावर विश्वास बसत नाही. आवाज खाली घेऊन बोलणंही त्यांना उत्तम जमत होतं, याचा हा पुरावा.

गळ्यामागे दडलेला कवी

‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे अमर शेखांचे कवितासंग्रह. ‘पहिला बळी’ हे नाटक. त्यांनी नियतकालिकाचं संपादनही केलं. त्यांच्या कवितेत रशियन कवी मायकोव्हस्कीच्या लांब, तुटक, जाहीर बोलण्यासाठी बांधलेल्या ओळी आहेत आणि आईच्या ओवीचा ठेकाही आहे. श्रमाचं वर्णन करताना ते कामगाराला पुतळा करून चौथऱ्यावर चढवत नाहीत, त्याच्या घामाचा वास ओळीत येतो. तरीही मराठी कवितेच्या इतिहासात त्यांच्यासाठी जागा सापडते ती तळटिपेची. जो इतका मोठ्याने गातो तो बारीक लिहीत असेल, असं समीक्षकांना वाटलं नसावं. आवाजाच्या कीर्तीने कवीला झाकून टाकलं. हे शाहिरांच्या बाबतीत महाराष्ट्रात नेहमीच होत आलं आहे. सोलापूरचेच रामजोशी घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस या व्युत्पन्न ब्राह्मणाने तमाशाच्या फडात डफ घेतला म्हणून त्याला घरातून हाकललं गेलं. पंढरपुरात संस्कृत शिकून आल्यावरही लोकांनी लक्षात ठेवली ती फडावरची लावणीच.

अमर शेखांची कन्या मल्लिका अमर शेख यांनी स्वतः कवितेत नाव कमावलं आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात घराचं चित्र लिहून ठेवलं. आई कुसुम जयकर आणि वडील, दोघंही चळवळीतले. घरात माणसांची ये-जा, चर्चा, गाणी. बाहेर लाखोंना गाण्याने हलवणाऱ्या माणसाचं घर कसं असतं हे समजून घ्यायचं तर ती पानं वाचायला हवीत.

मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे आणि तिथे लोककलांचं शिक्षण दिलं जातं.

सोलापूरने गाण्याला दिलेलं दुसरं नाव या संदर्भात आठवतं, ते फैयाज यांचं. अमर शेख मुंबईच्या मैदानांवरून फिरत असतानाच या सोलापूरच्या मुलीने नाट्यगृहाची वाट धरली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं, वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले आणि फैयाज त्यांची झरीना. पुढे २०१५ मध्ये बेळगावच्या ९५ व्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. एक गळा उघड्या मैदानासाठी घडलेला, दुसरा अंधाऱ्या सभागृहातल्या ठुमरीसाठी. दोघांची शिकवणी एकाच जिल्ह्याच्या बहुभाषी गल्ल्यांत झाली, आणि दोघांनीही मराठी उच्चार असा कमावला की तिथे बोट ठेवायला जागा नाही.

आजच्या शाहिराला काय घेता येईल

महाविद्यालयांच्या युवा महोत्सवांत आजही पोवाड्याची स्पर्धा असते. पोरं फेटे बांधतात, डफ घेतात, गालाजवळ छोटा माइक लावतात आणि जिवाच्या आकांताने गातात. माइक हाताशी असताना इतकं ओरडायचं कशाला, हा प्रश्न कुणी त्यांना विचारत नाही. पोवाडा म्हणजे जोर, जोर म्हणजे ओरडणं, अशी समजूत पक्की झाली आहे. ‘पहाडी आवाज’ या शाबासकीचाच हा परिणाम. परीक्षकही टाळ्यांच्या आवाजावर गुण देतात आणि घसा बसलेला मुलगा बक्षीस घेऊन घरी जातो. त्याने काय सांगितलं ते मागच्या रांगेतल्या कुणाला विचारावं, उत्तर येत नाही.

अमर शेखांचं अनुकरण करायचं तर ते मोठेपणाचं नको, स्पष्टपणाचं हवं. त्यांनी जोर लावला कारण जागेची तशी मागणी होती. आज जागेची मागणी बदलली आहे. यंत्र जोर पुरवतं, शब्द पुरवत नाही. उंच सुरावर ‘मजूर’ आणि ‘हुजूर’ यांतला फरक ऐकू आला पाहिजे, झीलकऱ्यांनी शाहिराला दम घ्यायला जागा दिली पाहिजे, पहिल्या ओळीत घाईत असलेला माणूस थांबला पाहिजे. यातलं काहीही उपजत नसतं. बार्शीच्या एका पाणक्या पोराने ते काम करता करता कमावलं. ते शिकवता येतं आणि शिकताही येतं. विद्यापीठांनी, शाहिरी शिबिरांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी गुणपत्रिकेत उच्चाराला जोराच्या वर जागा दिली, तर सोलापूर जिल्ह्याच्या या शाहिराचं स्मारक दरवर्षी नव्याने उभं राहील, आणि त्यासाठी कुठल्या समितीची मंजुरीही लागणार नाही.